सांगली ते औदुंबर आणि परत: दोघांनी सायकलवर घालवायचा एक निवांत दिवस

सायकलवरून दिवसभर सावकाश हिंडायचे असेल, तर सांगलीच्या आसपासचा कृष्णाकाठ त्यासाठी अत्यंत सोयीचा आहे. साताऱ्याकडचा प्रदेश अधिक देखणा आहे, हे मान्य करावेच लागेल. परंतु तिथे कासला जायचे म्हटले तरी यवतेश्वरचा घाट आधी समोर उभा राहतो, आणि दोघांपैकी एकाला चढाची सवय नसेल तर पहिल्या तासातच एक जण पुढे निघून जातो व दुसरा मागे रुसून बसतो. सांगली, आष्टा, औदुंबर, भिलवडी, वसगडे, नांद्रे आणि पुन्हा सांगली असा जो फेरा या लेखात सुचवला आहे, त्यात घाट नाही. पुलांचे चढउतार सोडले तर रस्ता जवळजवळ सपाट आहे, आणि साधारण दहा किलोमीटरच्या आत कुठे ना कुठे गाव, चहाची टपरी आणि पंक्चरचे दुकान सापडते.

हा फेरा अंदाजे ५५ ते ६० किलोमीटरचा होतो. ताशी १३ किलोमीटर हा आरामाचा वेग धरला, तर प्रत्यक्ष सायकल चालवण्याचा वेळ साडेचार तासांच्या आसपास भरतो. डिसेंबर-जानेवारीत उजेड सुमारे अकरा तास असतो. म्हणजे थांबण्यासाठी, जेवण्यासाठी, नदीकाठी बसण्यासाठी सहा तासांहून अधिक वेळ हाती राहतो. हा वेळ कमी करून किलोमीटर वाढवण्याचा मोह बहुतेकांना होतो आणि तिथेच दिवस बिघडतो. माझ्या मते हे अंतर दोघांसाठी पुरेसे आहे. ज्यांना शंभर किलोमीटर मारायचे आहेत, त्यांनी ते एकट्याने खुशाल मारावेत.

कोणता महिना निवडावा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चपासून ऊन तापू लागते, आणि पावसाळ्यात हा सगळा पट्टा पुराच्या छायेत असतो. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका मानला जातो. जुलै-ऑगस्टमध्ये ही पातळी पाहूनच नदीकाठची गावे आपले बेत ठरवतात. पाऊस ओसरल्यावरही काही दिवस काळ्या रानातली माती रस्त्यावर येत राहते, आणि ही माती मडगार्ड व चाक यांच्यामध्ये एकदा बसली की चाक फिरणेच बंद होते. म्हणून रस्ते नीट वाळेपर्यंत थांबलेले बरे.

हिवाळ्यात निघण्याचीही एक किंमत आहे. नेमका तेव्हाच साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो आणि उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

वाराचाही विचार करावा. गुरुवारी आणि पौर्णिमेला औदुंबरला दत्तभक्तांची गर्दी असते. दत्तजयंतीला तर विचारूच नये. मकर संक्रांतीला तिथे साहित्य संमेलन भरते, ते ऐकायचे असेल तर तो दिवस मुद्दाम निवडावा. नुसत्या शांततेसाठी जायचे असेल तर मंगळवार-बुधवारसारखा आडवार चांगला.

आदल्या दिवशीची तयारी

दोघांच्या सायकली सारख्या असण्याची गरज नाही, पण दोन्ही नीट असण्याची गरज आहे. एकीचा ब्रेक घासत असेल तर दिवसभर दोघांचाही वेग त्या ब्रेकवर ठरतो. आदल्या दिवशी सायकल उलटी करून दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. चाक डुगडुगत असेल किंवा ब्रेकच्या गुटक्याला एका जागी घासत असेल, तर गावातल्या मिस्त्रीकडून तारा आवळून घ्याव्यात. चेनवर थोडे तेल सोडावे आणि वरचे तेल कापडाने पुसून काढावे. ओली चेन धूळ धरते आणि उसाच्या हंगामात धुळीला तोटा नसतो.

सीटची उंची हा सर्वांत दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी आणि पेडल अगदी खाली न्यावे. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात जेवढा हवा तेवढाच बाक राहतो. सीट खाली ठेवून साठ किलोमीटर चालवणाऱ्याचे गुडघे दुपारनंतर बोलू लागतात.

हवा किती भरावी हे टायरच्या कडेवर छापलेले असते. जाड टायरला साधारण ४० ते ५० पीएसआय पुरते, मध्यम रुंदीच्या टायरला याहून अधिक लागते. मागच्या चाकावर भार जास्त येतो, त्यामुळे त्यात थोडी अधिक हवा असावी. सायकलचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा आहे की बारीक नळीसारखा, हेही आधी पाहून ठेवावे. बारीक व्हॉल्व्ह असेल तर खेड्यातल्या पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने हवा भरता येत नाही. त्यासाठी पितळी अडॅप्टर मिळतो, तो व्हॉल्व्हलाच लावून ठेवला की हरवत नाही.

सामानाची वाटणी दोघांत करावी, मात्र काही वस्तू वाटायच्या नसतात. पाणी प्रत्येकाचे स्वतंत्र हवे, निदान दीड लिटर. ट्यूबही प्रत्येकाच्या चाकाच्या मापाची स्वतंत्र हवी. पंप, पॅच, सोल्यूशन, काचकागद, टायर काढायचे लिव्हर, ॲलन कीचा जुडगा आणि चाक नटाचे असेल तर त्याचा पाना हे एकात भागते. शिवाय एक जुने कापड, थोडे ओआरएस, दोन मागचे लाल दिवे आणि सुटे पैसे. एवढ्यावर थांबावे. पाठीवर सॅक घेऊ नये, सामान कॅरिअरला बांधावे. पाठ मोकळी राहिली तर घामही वाळतो आणि खांदेही भरून येत नाहीत.

दोघांमधले करार

दोघांनी निघायचे म्हणजे वेग कोणाचा, हा प्रश्न आधीच सोडवायला हवा. उत्तर एकच आहे: जो हळू चालवतो त्याचा. हळू चालवणाऱ्याला पुढे ठेवावे आणि वेगवान सोबत्याने मागे राहावे. उलट केले तर पुढचा नकळत वेग वाढवतो, मागचा त्याला गाठण्यासाठी धापा टाकतो, आणि पुढचा थांबून विसावा घेऊन ताजातवाना झालेला असतो तेव्हाच मागचा तिथे पोहोचतो. पोहोचताक्षणी पुढचा म्हणतो, ‘चला, निघू या.’ विसावा ज्याला हवा होता त्याला तो मिळतच नाही.

दमलेला माणूस दमल्याचे सहसा सांगत नाही, विशेषतः सोबती उत्साहात असेल तर. त्याच्या खुणा ओळखाव्यात: बोलणे तुटक होते, गिअर बदलणे थांबते, खांदे कानांकडे सरकतात, आणि मघापर्यंत शेताकडे बघणारी नजर पुढच्या चाकावर खिळते. हे दिसले की मागच्याने स्वतःसाठी म्हणून पाणी मागावे आणि थांबावे. यात कोणालाही कमीपणा येत नाही.

दोघे शेजारी शेजारी गप्पा मारत चालवण्याचा मोह असतो, आणि खरे तर त्यासाठीच तर निघायचे असते. पण हे फक्त आतल्या, मोकळ्या रस्त्यावर करावे. मोठ्या रस्त्यावर एकामागे एक, मध्ये दोन सायकलींएवढे अंतर ठेवून. खड्डा आला की पुढच्याने हात खाली करून दाखवावा. मागून वाहन आले की मागच्याने आवाज द्यावा. थांबायचे असेल तर आधी सांगावे, मग ब्रेक दाबावा.

सकाळ: सांगली ते आष्टा

फेरा कोणत्या दिशेने करायचा, यावर बरेच अवलंबून आहे. सांगली-आष्टा हा इस्लामपूरकडे जाणारा वर्दळीचा रस्ता असल्याने तो पहाटेच उरकावा, आणि नदीच्या पलीकडचा भिलवडी-नांद्रे रस्ता परतीसाठी ठेवावा. दमलेल्या पायांनी आणि मावळत्या उजेडात ट्रकच्या शेजारून सायकल चालवणे यात निवांत असे काहीही नाही.

सूर्य सातच्या सुमारास उगवत असल्याने साडेसहाला, पुरेसे दिसू लागताच, दिवे लावून निघावे. गणपतीच्या देवळापाशी भेटायचे ठरवले तर दोघांनाही सोयीचे पडते. तिथून १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलावरून सांगलीवाडीत उतरायचे. पहिले पाच-सहा किलोमीटर मुद्दाम हलक्या गिअरमध्ये चालवावेत. थंडीत स्नायू आखडलेले असतात. पेडल जड वाटता कामा नये, पाय भरभर फिरावेत. जड गिअर लावून संथ पेडल मारणे म्हणजे गुडघ्यांकडून उसनवारी करणे होय.

पुढे कसबे डिग्रज येते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हळद संशोधनाचे काम इथे चालते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाचून माहीत असते, पण हळद रानात कशी दिसते हे शहरातल्या सांगलीकरांनाही अनेकदा ठाऊक नसते. डिसेंबरात पाला पिवळा पडून झुकलेला असतो. फेब्रुवारीत गेलात तर काढणी होऊन हळद शिजवण्याचे काम दिसेल: वाफ बाहेर पडत असते, शिजलेली ओली हळकुंडे खळ्यावर पसरत असतात, आणि त्यांना तेव्हा आपल्या ओळखीचा पिवळा रंग नसतो, वरून ती मातकट दिसतात, मोडल्यावर आतून गडद नारिंगी निघतात. थांबून विचारले तर कोणीही दाखवते. ‘कुठनं आलासा पाव्हणं?’ हा प्रश्न मात्र आधी येतो, आणि त्याचे उत्तर घाईत देऊ नये.

तुंग, मिरजवाडी ओलांडून साडेआठच्या सुमारास आष्ट्यात पोहोचता येते. नाश्ता इथे करावा. पोहे, उप्पीट, केळी यांवर भागवावे. तेलकट मिसळ खाऊन लगेच सायकलवर बसणे जड जाते, आणि मिसळ परतल्यावर सांगलीतही मिळणारच आहे.

उसाचे ट्रॅक्टर

या मुलखात सायकलस्वाराने एक गोष्ट शिकायचीच असेल, तर ती म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरशी कसे वागावे. ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या असतात, चालकाने लावलेली गाणी एवढी मोठ्याने चालू असतात की त्याला मागचे-पुढचे काहीच ऐकू येत नाही, आणि उसाची टोके ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेली असतात. ट्रॅक्टर आपल्याला ओलांडून गेला की धोका टळला असे वाटते. खरा धोका मागच्या ट्रॉलीचा असतो, कारण ती डोलत येते आणि ट्रॅक्टर आत वळला की रस्त्याच्या कडेला ओढली जाते. म्हणून दुसरी ट्रॉली पूर्ण निघून जाईपर्यंत कडेची जागा सोडू नये. समोरून वाहन आणि मागून ट्रॅक्टर एकाच वेळी येत असतील तर अभिमान न बाळगता सायकलवरून उतरावे आणि साइडपट्टीवर उभे राहावे.

उभा ट्रॅक्टर ओलांडायचा असेल तर रिकामा रस्ता पाहूनच ओलांडावा. चालत्या ट्रॅक्टरच्या मागे ओढ घेत चालवण्याचा खेळ करू नये. ऊस कधी सुटून पडेल सांगता येत नाही. रस्त्यावर पडलेले पाचट पहाटेच्या दवाने निसरडे होते, त्यावर वळताना ब्रेक दाबू नये.

आष्टा ते औदुंबर

आष्ट्यातून अंकलखोपचा रस्ता विचारावा. इथून मुख्य रस्ता सुटतो आणि दिवस खऱ्या अर्थाने सुरू होतो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच वांग्यांची रोपे, केळीची बाग. शेजारी शेजारी चालवत बोलायला हाच रस्ता. अंतर थोडे आहे, म्हणून इथे घड्याळ पाहू नये. गुऱ्हाळ चालू दिसले तर थांबावे. रानातले काही तोडून मात्र खाऊ नये. मालकाचा प्रश्न आहेच, पण फवारणी कधी झाली हे आपल्याला कळत नाही, आणि द्राक्षांच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळावे.

अंकलखोपच्या शेजारचे नागठाणे हे बालगंधर्वांचे जन्मगाव. २६ जून १८८८ रोजी नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म तिथे झाला. नाट्यसंगीताची आवड असणाऱ्यांनी थोडी वाकडी वाट करावी. इतरांनी सरळ औदुंबर गाठावे.

दहाच्या सुमारास औदुंबरला पोहोचल्यावर पुढचे चार तास सायकलीला हात लावायचा नाही, असे ठरवून टाकावे. नृसिंह सरस्वतींनी इथे एक चातुर्मास वास्तव्य केल्याचे मानतात. देवळात मूर्ती नसून पादुका आहेत. समोरच्या तीरावर भुवनेश्वरीचे देऊळ आहे. घाटाच्या पायऱ्यांवर झाडांची सावली असते. महापुरात देवळात पाणी शिरते, आणि काठच्या गावांत २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांच्या आठवणी अजून ताज्या आहेत; चहाच्या टपरीवर विचारले तर पाणी कुठवर आले होते ते माणसे हात उंच करून भिंतीवर दाखवतात.

पाणी कितीही संथ दिसले तरी नदीत उतरू नये. औदुंबर, भिलवडी, ब्रह्मनाळ या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि त्यांनी माणसांवर व जनावरांवर हल्ले केलेले आहेत. हिवाळ्यात त्या ऊन खायला काठावर येतात. पाय धुवायचे असतील तर बाटलीतल्या पाण्याने धुवावेत. गावकरी ज्या घाटावर वावरत आहेत त्यापलीकडच्या गवताळ काठाकडे जाऊच नये.

जेवण घरून आणलेले सर्वांत चांगले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि कृष्णाकाठच्या वांग्याचे भरीत. दही गावात मिळते. पोटभर जेवून अर्धा-पाऊण तास पडून राहावे. सोबत्याला झोप लागली तर लागू द्यावी.

काटा निघतो तेव्हा

या भागात पंक्चर होते ते बहुधा बाभळीच्या काट्याने. शेताच्या कुंपणाची छाटणी झाली की काटे रस्त्याच्या कडेला विखुरतात, त्यामुळे सायकल कडेला टेकवताना ती उचलून ठेवावी, ढकलत गवतात नेऊ नये. टायरमध्ये काटा दिसतो आहे पण हवा टिकून आहे, अशी स्थिती असेल तर काटा तिथेच उपसण्याची घाई करू नये. पुढच्या गावापर्यंत सायकल तशीच नेता येते.

हवा गेलीच तर सावलीत थांबावे आणि पॅच लावत बसण्यापेक्षा सरळ ट्यूब बदलावी. व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने लिव्हर घालून टायरची एक कड रिमबाहेर काढावी आणि ट्यूब ओढून घ्यावी. मग तिच्यात थोडी हवा भरून भोक शोधावे. आवाज ऐकू येत नसेल तर ट्यूब ओठांजवळ फिरवावी. फुंकर ओठांना लगेच जाणवते. भोक सापडले की ट्यूब टायरला लावून पाहावी, म्हणजे काटा टायरमध्ये नेमका कुठे आहे ते कळते. तरीही टायरच्या आतून कापड फिरवावेच. बाभळीचा काटा अनेकदा आत मोडलेला असतो, बाहेरून दिसत नाही, पण कापड त्याला अडकते. नुसते बोट फिरवले तर बोटही फाटते. हा काटा राहिला तर नवी ट्यूब पाच मिनिटांत जाते.

नव्या ट्यूबमध्ये तिला आकार येईल एवढीच हवा भरून ती टायरमध्ये बसवावी. टायरची कड अंगठ्याने आत ढकलत आणावी आणि शेवटचा घट्ट भाग व्हॉल्व्हपाशी येईल असे पाहावे. तिथे लिव्हर वापरला तर ट्यूब चिमटून पुन्हा फुटते. मग व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोडावा आणि हवा भरावी. एकाने चाक धरले आणि दुसऱ्याने काम केले तर हे सारे पंधरा-वीस मिनिटांत होते. पॅच लावावाच लागला तर काचकागदाने घासल्यावर लावलेले सोल्यूशन बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे. बहुतेक पॅच घाईमुळे सुटतात.

परतीचा रस्ता

दोनच्या पुढे, ऊन किंचित कलल्यावर, निघावे. पूल ओलांडून भिलवडीत यावे. चितळ्यांच्या दुधाच्या व्यवसायाची सुरुवात १९३९ साली याच गावात झाली. खटावमार्गे वसगड्याकडे जाताना ब्रह्मनाळचा फाटा लागतो. तिथे येरळा कृष्णेला मिळते. वेळ आणि पाय दोन्ही शिल्लक असतील तरच संगमाकडे वळावे. या टप्प्यात दुपारचा वारा पूर्वेकडून येत असेल तर तो तिरका लागतो. अशा वेळी जास्त दम असलेल्याने पुढे व्हावे आणि दुसऱ्याने त्याच्या आडोशाने चालवावे. हळू चालवणाऱ्याने पुढे राहण्याचा सकाळचा नियम एवढ्यापुरता मोडायला हरकत नाही, मात्र पुढच्याने दर काही मिनिटांनी मान वळवून पाहायला हवे.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता तासाला अर्धा लिटर या हिशेबाने पीत राहावे. नांद्रे येईपर्यंत सोबत्याचे पाय पुरते गळाले असतील तर ताणू नये: गावातून छोटा हत्ती ठरवावा, दोन्ही सायकली आत आडव्या बांधाव्यात आणि कर्नाळमार्गे सांगली गाठावी. हा पर्याय आधीच मनात धरलेला असला की तो घेताना कोणाला वाईट वाटत नाही. कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नये. उतरून सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवावी आणि चालत पुढे जावे.

साडेपाचच्या आत सांगलीत शिरावे, कारण सहाच्या पुढे उजेड झपाट्याने जातो आणि शहरातली वाहतूक नेमकी तेव्हाच वाढते. उरलेल्या भुकेसाठी भडंग आहेच. घरी पोहोचल्यावर सायकल तशीच भिंतीला टेकवून ठेवू नये. दोन्ही टायर उजेडात हळूहळू फिरवून बघावेत आणि अडकलेले खडे, काट्यांची टोके चिमट्याने काढून टाकावीत. काढताना हवा सुटली, तर ट्यूब तेव्हाच दुरुस्त करून ठेवावी.